जळगावात नीट चालणारा कॉम्प्युटर धुळ्यात रिस्टार्ट का होतो?

आमची एक जुनी विद्यार्थिनी धुळ्यात बीसीएच्या पहिल्या वर्षाला आहे. सुटीत ती जळगावला मामूंकडे आली, पार्ट्स विकत घेतले आणि मामेभावाला सोबत घेऊन स्वतःच्या हातानं कॉम्प्युटर जोडला. चार दिवस तिथं व्यवस्थित चालला. मग गाडीत घालून धुळ्याला नेला, आणि तिथं तो आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला लागला. घरात निकाल लगेच लागला, "पोरीनं जोडला म्हणून बिघडला." अब्बूंच्या कष्टाचे पैसे, बोलणं तर आलंच. असरनंतर तिचा फोन आला, "सर, मदरबोर्ड खराब निघाला का? परत करू?"

आम्ही म्हटलं, थांब. जळगावात चालत होता ना? मग मधे दोनच गोष्टी बदलल्या. एरंडोल-पारोळ्यावरून सुमारे ९० किलोमीटरचा प्रवास झाला, आणि भिंतीतला सॉकेट बदलला. शोधायचं ते या दोनमध्ये.

त्याआधी एक फरक समजून घ्या. प्रोसेसर फार तापला तर कॉम्प्युटर आधी हळू चालतो, मग बहुधा बंद पडतो आणि बंदच राहतो. आपल्या खानदेशच्या मे महिन्यात कूलर नीट बसला नसेल तर हे होणारच. पण झटक्यात बंद होऊन स्वतःच चालू होणं म्हणजे संशय वीजपुरवठ्यावर, रॅमवर किंवा विंडोजवर घ्यायचा. विंडोजमध्ये तर गडबड झाली की आपोआप रिस्टार्ट व्हायची सेटिंगच असते. ती बंद करून ठेवली की निळा स्क्रीन थांबतो आणि त्यावरचा कोड वाचता येतो. तिच्याकडे निळा स्क्रीन आलाच नाही. विंडोजच्या नोंदींमध्ये फक्त 'कर्नल-पॉवर ४१' दिसत होतं. मुलं हे बघून घाबरतात, पण त्याचा अर्थ एवढाच की मशीन रीतसर बंद न होता बंद झालं. कारण त्यात नसतं.

(बिलकुल नवीन जोडलेल्या डीडीआर५ रॅमच्या मशीनवर पहिल्यांदा काही मिनिटं काळा स्क्रीन राहतो, एकदोनदा रिस्टार्टही होतं. मदरबोर्ड रॅम तपासत असतो. तेवढा वेळ सबर करा, बटण दाबत बसू नका.)

आधी प्रवास. तिला प्लग काढायला लावला, पॉवरचं बटण काही सेकंद दाबायला सांगितलं, मग कॅबिनेट आडवं केलं. लोखंडी भागाला हात लावून अंगातली स्टॅटिक घालवली आणि झाकण उघडलं. गाडीच्या धक्क्यांनी रॅम, ग्राफिक्स कार्ड आणि वायरींचे प्लग सैल होतात. रॅमची एक पट्टी एका बाजूनं किंचित वर आलेली होती. काढून 'टक्' आवाज येईपर्यंत दाबून बसवली. प्रोसेसरजवळचा पॉवरचा प्लगही पुन्हा घट्ट केला. रात्री विंडोजचीच मेमरी टेस्ट लावली, एरर आला नाही.

दोन दिवस शांततेत गेले. आम्हालाही वाटलं, झालं काम. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच, वीस मिनिटांत तीनदा. आम्ही विचारलं, तेव्हा घरात काय चाललं होतं? ती म्हणाली, "काही नाही सर, नळाला पाणी आलं होतं."

धुळेकरांना पुढचं सांगायला नको. पाणी सुटलं की गल्लीतल्या सगळ्या मोटरी एकदम चालू. मोटर सुरू होताना कितीतरी पट जास्त करंट ओढते आणि व्होल्टेज खाली येतं. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट यायला हवेत. ओळखीच्या इलेक्ट्रिशियननं मल्टिमीटर लावला तर मोटरी चालताना आकडा १८० च्याही खाली. तिचा एसएमपीएस स्वस्तातला, लेबलवर इनपुट २००-२४० व्होल्ट. एसएमपीएस मदरबोर्डला 'वीज ठीक आहे' असा सिग्नल सतत देत असतो. तो क्षणभर गेला की मदरबोर्ड रिसेट होतो. म्हणजे मशीन बिघडलेलं नव्हतं, ते स्वतःला सांभाळत होतं.

म्हणून एसएमपीएस घेताना फक्त वॅट बघू नका, लेबलवर १००-२४० व्होल्ट लिहिलंय का तेही बघा. दुकानदारानं फरकाचे पैसे घेऊन बदलून दिला. यूपीएस घ्यायचा असेल तर व्होल्टेज सावरणारा घ्या. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॅटपर्यंतच झेपतो, मोठ्या ग्राफिक्स कार्डाला तो पुरत नाही. फ्रिज असलेल्या एक्स्टेंशन बोर्डवर कॉम्प्युटर लावू नका. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी अर्थिंग तपासून घ्या, तो जिवाचा प्रश्न आहे. आणि एसएमपीएसचा डबा मात्र कधीच उघडायचा नाही, प्लग काढल्यावरही आत करंट साठलेला असतो.

पुढच्या पाण्याच्या दिवशी तिनं मुद्दाम कॉम्प्युटर लावून ठेवला. गल्लीभर मोटरी घरघरत होत्या, स्क्रीन हलला नाही. अब्बूंनी आता दुकानातला बिलिंगचा जुना कॉम्प्युटरही तिच्यासमोर आणून ठेवलाय, तोही म्हणे मधूनमधून बंद पडतो.