टेबलावरची असई

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)

दिवाळीत मुले दगडमातीचा किल्ला करतात. पायथ्याशी मावळे, बुरुजावर तोफ, वर महाराज. समोर शत्रूची फौज मात्र सहसा नसते. ती मांडली, दोन्हीकडच्या चालींना नियम घातले आणि चकमकींचा निकाल फाशांवर सोपवला, की त्याचा युद्धखेळ होतो. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम १९१३ साली पुस्तकरूपाने छापले. त्याच्या कितीतरी आधी प्रशियाचे सेनाधिकारी नकाशावर असा सराव करीत.

या छंदात पहिले तीन प्रश्न असे : लढाई कोणती, शिपाई केवढे आणि बाजू कोणाची?

लढाई जवळचीच घ्यावी, असे मी म्हणेन. १८०३ साली शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजा खानदेशातून अजिंठ्याचा घाट चढून वर गेल्या. २३ सप्टेंबरला असई येथे, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यात, आर्थर वेलस्लीशी त्यांची गाठ पडली.

आता प्रमाण. बहात्तरास एक या प्रमाणात माणूस जेमतेम अडीच सेंटिमीटरचा होतो. पण त्याच प्रमाणात दीड किलोमीटरचे मैदान जवळजवळ एकवीस मीटर होईल! एवढे टेबल कोणाच्या घरी असते? म्हणून शिपायाचे प्रमाण वेगळे आणि जमिनीचे वेगळे धरतात. एक शिपाई म्हणजे पन्नास माणसे मानली, की वेलस्लीच्या सुमारे साडेचार हजार कवायती फौजेला नव्वद शिपाई पुरतात. जागा आणखी कमी असेल, तर पंधरा किंवा सहा मिलिमीटरचे शिपाई घ्यावेत. तेही नसले, तर पुठ्ठ्याचे तुकडे चालतात.

जमीन मांडताना झाडे गाळली तरी चालतील, पण केळणा नदीच्या दोन काठांवरची समोरासमोरची गावे गाळू नयेत. तिथे उतार असणारच, असा तर्क वेलस्लीने केला आणि नदी ओलांडली. पोलमन या जर्मन सेनानीने मग शिंद्यांच्या पलटणींची तोंडे फिरवून नवी फळी धरली. ही दोन गावे नसतील, तर दोन्ही चालींचा अर्थच लागत नाही.

राहिली बाजू. मुलांना जिंकणारा हवा असतो. मी शिंद्यांची बाजू घ्यायला सांगतो. शंभराच्या आसपास तोफा, जागा न सोडणारे गोलंदाज, तरीही हार. ती का झाली, हे त्या बाजूने खेळल्याशिवाय उमगत नाही. या हारेनंतर महिनाभरातच बऱ्हाणपूर आणि अशीरगड इंग्रजांच्या हाती गेले.

आणखी एक नियम मी पाळायला लावतो. टेबलावरून शिपाई उचलताना मोठ्याने म्हणायचे : पन्नास माणसे.