गिरणी सरकारची, राखण कुणाची?

काळाचौकीतील इंडिया युनायटेड गिरणी क्रमांक २ आणि ३ च्या आवारात मुंबई महापालिका वस्त्रोद्योग संग्रहालय उभारते आहे. सुमारे ४४ हजार चौरस मीटरचा हा भूखंड राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाचा, म्हणजे केंद्र सरकारचा होता. त्याचा मोठा भाग पालिकेकडे आला आणि पहिल्या टप्प्यात गिरणीच्या जुन्या तलावाभोवती काम सुरू झाले. गिरणगावाची आठवण जपणारी एक तरी जागा उरली, याचा आनंद होणे स्वाभाविक आहे. पण मागची चाळीस वर्षे नीट तपासली, तर दुसराच प्रश्न समोर येतो. मुंबईतल्या ५८ गिरण्यांपैकी २५ या महामंडळाकडे होत्या. जमीन सरकारची, कायदे सरकारचे, वारसा समितीही सरकारनेच नेमलेली. तरीही एकाच गिरणीच्या अवशेषांवर समाधान का मानावे लागते? जमीन सार्वजनिक असली म्हणजे तिच्यावरचे अवशेष आपोआप सुरक्षित राहतात, हा आपला समज या काळाने खोटा ठरवला आहे.

हा अनुभव गिरण्यांपुरताच नाही. १९३१ मध्ये परळ-शिवडी भागात रस्त्याचे काम चालू असताना साडेतीन मीटर उंचीचे एकसंध शैव शिल्प सापडले. पाचव्या-सहाव्या शतकातले हे शिल्प परळच्या बारादेवी मंदिरात ठेवले गेले आणि पुढे केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित यादीत आले. म्हणजे ते वाचले, पण आधी भाविकांमुळे आणि मग कायद्यामुळे. शिवडीचा किल्ला राज्य पुरातत्त्व विभागाचे संरक्षित स्मारक आहे, तर त्याच्या आजूबाजूची जमीन बंदराच्या प्रशासनाची. एकेकाळी तर किल्ल्याचाच वापर गोदामासारखा झाला. फोर्टमधल्या सेंट थॉमस चर्चपासूनचे अंतर दाखवणारे एकोणिसाव्या शतकातले मैलाचे दगड वारसा यादीत असूनही फुटपाथच्या दर नव्या थराबरोबर जमिनीत रुतत गेले. अलीकडे पालिकेने त्यांतले काही उकरून नीट बसवले. त्यांना गाडणाऱ्या फुटपाथांची देखभालही पालिकेकडेच होती. तिन्ही उदाहरणांत उणीव मालकाची नाही. मालकाच्या अनेक खात्यांपैकी राखण नेमकी कुणाकडे, हे ठरलेले नसणे ही खरी उणीव आहे.

गिरण्यांच्या बाबतीत ही उणीव धोरणातच मुरली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. १९८३ मध्ये केंद्राने मुंबईतल्या १३ गिरण्यांचा ताबा घेतला. त्याआधी १९७४ च्या कायद्याने अनेक आजारी गिरण्या सरकारी झाल्याच होत्या. यंत्रे थांबली आणि जमिनीचा भाव मात्र वाढत गेला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे केले: एक पालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती राहिली. ज्या जागेवर बांधकाम उभे होते ती वाटणीतून सुटली आणि त्या बांधकामाचे चटईक्षेत्र मालकाच्या पदरात पडले. ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने ही दुरुस्ती अडवली, पण ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारची बाजू उचलून धरली. तोवर महामंडळाने २००५ मध्येच पाच गिरण्या दोन हजार कोटींहून अधिक रकमेला विकल्या होत्या. खासगी मालकाने जे केले तेच सार्वजनिक मालकाने केले. गिरणीच्या शेडची किंमत तिच्या विटांत किंवा यंत्रांत उरली नाही. ती पाडल्यावर मिळणाऱ्या चौरस फुटांत मोजली जाऊ लागली.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप कामगारांच्या बाजूने येतो. दीड लाखांहून अधिक गिरणी कामगारांनी आणि वारसांनी घरांसाठी अर्ज केले असताना जुन्या भिंती आणि चिमण्या जपण्याची चैन कुणाला परवडते? हा आक्षेप झटकून टाकता येत नाही. मात्र घरे आणि अवशेष यांच्यात तेव्हा झगडा होता, हे खरे नाही. २००१ च्या ज्या दुरुस्तीने म्हाडाचा वाटा आक्रसला, तिनेच जुनी बांधकामे पाडणे फायद्याचे केले. घरही गेले आणि गिरणीही, दोन्ही एकाच कलमाने. तीन वाटे मूळ स्वरूपात राहिले असते, तर पालिकेच्या वाट्यात एखादे बॉयलरघर, चिमणी, तलाव सामावून घेता आला असता आणि म्हाडाच्या वाट्यात घरेही उभी राहिली असती. कामगारांच्या नावाने वारशाला विरोध करणाऱ्यांनी हा हिशेब आधी तपासावा.

दुसरा आक्षेप असा, की लोखंडी खांब आणि पत्र्याच्या शेड म्हणजे पुरातत्त्व नव्हे. केंद्राच्या १९५८ च्या कायद्यात स्मारकासाठी शंभर वर्षांची अट आहे. मुंबईतली पहिली सूतगिरणी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला काढली आणि गिरणगावातल्या कित्येक गिरण्या एकोणिसाव्या शतकातच उभ्या राहिल्या. कायद्याच्या मापाने त्या केव्हाच जुन्या झाल्या आहेत. कमी आहे ती त्यांना तसे मानण्याची सवय. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या लॉवेल या कापडगिरण्यांच्या शहरात १९७८ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाले. तिथे फक्त एक इमारत राखलेली नाही. गिरण्या, त्यांना पाणी पुरवणारे कालवे आणि कामगारांची निवासस्थाने एकत्र जपली आहेत. काळाचौकीलाही असा संच होता. कॉटन ग्रीनच्या गोदामांत कापूस, हाकेच्या अंतरावर गिरणी, बॉयलर आणि कंडेन्सरसाठी तलाव, भोंगा ऐकून घर सोडणाऱ्यांच्या चाळी. अवशेषाचा अर्थ असा शेजारातून कळतो. तलाव कशासाठी होता हे बॉयलरघर पाहिल्याशिवाय कळत नाही आणि साचेखात्याचा आवाका शेड पाहिल्याशिवाय.

पैसा नाही आणि इमारती धोकादायक आहेत, हा तिसरा आक्षेप अंशतः बरोबर आहे. सगळे टिकवता येणार नाही. पण पाडण्याआधी मोजमाप, नकाशे, छायाचित्रे आणि यंत्रांची यादी करायला इमारत वाचवण्याच्या खर्चाचा लहानसा अंश पुरतो. २५ सरकारी गिरण्यांची अशी संपूर्ण नोंद करून लोकांसमोर ठेवणे मालकाला कोणत्याही क्षणी शक्य होते. कामगारांच्या तोंडी आठवणी मीना मेनन आणि नीरा आडारकर यांच्या २००४ च्या पुस्तकात उतरल्या, तेही अभ्यासकांच्या पुढाकाराने. त्याच वर्षी छत्रपती शिवाजी टर्मिनस जागतिक वारसा यादीत गेले आणि २०१८ मध्ये ओव्हल मैदानाभोवतीच्या इमारतीही. गिरणगाव त्या यादीच्या आसपासही नाही.

म्हणून काळाचौकीच्या संग्रहालयाकडे पाहताना कसोटी कडक ठेवायला हवी. कारंजी, रोषणाई आणि भित्तिचित्रे गर्दी खेचतील. पण गिरणीच्या मूळ शेड, यंत्रे आणि तलावाचा परस्परसंबंध दिसला नाही, तर तिथे गिरणीच्या नावाची बाग उरेल. उरलेल्या सार्वजनिक जमिनींबाबत नियम साधा असावा: महामंडळ असो, बंदर असो वा पालिका, विक्री, पुनर्विकास किंवा हस्तांतर करण्याआधी अवशेषांची नोंद पूर्ण करून ती जाहीर करावी आणि राखण करणाऱ्या एकाच खात्याचे नाव त्या कागदावर लिहिलेले असावे. सरकारने मालक म्हणून जमिनीची किंमत वसूल केली आहे. राखणदार म्हणून त्याचे काम अजून बाकी आहे, आणि ते मागण्याचा हक्क या जमिनीच्या खऱ्या मालकांचा, म्हणजे नागरिकांचा आहे.