भरला डबा परत येतो तेव्हा

एडीएचडी असलेल्या चंचल मुलाला डॉक्टर मेथिलफेनिडेट देतात. मूल अभ्यासाला बसू लागते. पण शाळेचा डबा भरलेलाच परत येतो आणि आईचा जीव कासावीस होतो. हा मुलाचा हट्ट नव्हे. औषधाने भूक मरते. तेव्हा रागावण्यापेक्षा जेवणाच्या वेळा बदलाव्यात. सकाळी गोळीपूर्वीच दूध, तूप लावलेले थालीपीठ पोटभर द्यावे. साध्या गोळीचा अंमल ३-४ तास, दीर्घ परिणामाच्या गोळीचा ८-१२ तास टिकतो. तो ओसरला, की भूक परतते. त्या वेळी वरणभात तयार असावा. गोळी उशिरा दिल्यास झोप उडते. वजन-उंची वहीत टिपून डॉक्टरांना दाखवावी; आपल्या मनाने गोळी मात्र बंद करू नये. ताटावरची रोजची लढाई टळली, तरी घर निम्मे शांत होते!