पोटगीचा हुकूम आणि हरवलेला पत्ता

विंचूरच्या कांदा बाजारात रोजंदारीवर राबणाऱ्या एखाद्या परित्यक्तेने निफाडच्या न्यायालयातून मुलांच्या पोटगीचा हुकूम मिळविला, म्हणजे तिचा प्रश्न सुटला असे बाहेरच्यास वाटते. वस्तुतः खरी वणवण तेथूनच सुरू होते. बाप सातपूर, भिवंडी किंवा सुरतेस निघून गेलेला असतो आणि वॉरंट ‘इसम मिळून येत नाही’ अशा शेऱ्यासह परत येते.

कायदा या स्त्रीविषयी अगदीच उदासीन राहिला असे नव्हे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार तिला पती असेल तेथे किंवा दोघांच्या शेवटच्या सहवासाच्या ठिकाणीच दाद मागावी लागे. १९७३ च्या संहितेने तिच्या स्वतःच्या गावाजवळील न्यायालयाचे दार उघडले. दरमहा पाचशे रुपयांची मर्यादा २००१ मध्ये कायद्यातून गेली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या खटल्यात उभय पक्षांनी मिळकतीचे प्रतिज्ञापत्र दाखल करावे व पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असा दंडक घातला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्येही थकबाकीसाठी वसुलीचे वॉरंट व कैद यांची तरतूद आहे. परंतु रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज केला नाही, तर ते वॉरंट निघत नाही. पत्ता सापडेपर्यंत थांबणाऱ्या आईचे मागील हप्ते या मार्गाने बुडतात आणि दडून बसणाऱ्यास त्याचा लाभ मिळतो.

अमेरिकेत हा शोध एकट्या आईवर सोपविलेला नाही. तेथे १९७५ च्या कायद्याने गैरहजर पालकांचा पत्ता शोधणारी केंद्रीय सेवा निर्माण झाली. १९९६ च्या कायद्याने मालकांवर नव्या नोकरांची नावे कळविण्याचे बंधन आले. ही नावे थकबाकीदारांच्या यादीशी ताडून पाहिली जातात आणि पोटगी पगारातूनच कापली जाते.

आपल्याकडे नोंदींचा तुटवडा आहे काय? भविष्य निर्वाह निधी, प्राप्तिकर, बँक, शिधापत्रिका, सर्वत्र माणसाची नोंद असते. कराची थकबाकी असेल तेव्हा शासन स्वतः माग काढते; मुलाच्या अन्नाची असेल तेव्हा मात्र आईला नातेवाइकांचे उंबरठे झिजवावे लागतात. खासगी माहिती कोणाच्याही हाती पडू नये, हे खरेच. म्हणून ती न्यायाधीशाच्या आदेशानेच मागवावी आणि पत्ता न्यायालयापुरताच राहावा. परंतु ज्या सत्तेने हुकूम दिला, तिनेच तो बजावण्यासाठी माणूसही शोधला पाहिजे. अन्यथा न्यायालयाचा कागद घरात असूनही मूल उपाशीच निजेल.