बैलाचे कूळ हाडात सापडते

बेणे आणताना आपण जातीची चौकशी केल्याशिवाय राहत नाही. को ८६०३२ म्हटले की तिचे आईबाप दप्तरी नोंदलेले आहेत : को ६२१९८ आणि कोसी ६७१. पण ज्याच्या मानेवर जू ठेवून आपल्या आज्या-पणज्यांनी रान नांगरले आणि ज्याने उसाच्या गाड्या ओढल्या, त्या बैलाचे आईबाप कोणत्या वहीत लिहिलेत? चाकणच्या बाजारात विचारा, जो तो आपली गोष्ट सांगेल. एक म्हणेल, खिलार मूळचा माणदेशातला. दुसरा म्हणेल, छे, तो म्हैसूरकडच्या हळ्ळीकाराचा भाऊबंद. भांडण मिटायचे नाही, कारण कागद कुणाकडेच नाही.

कागद नसला तरी हाड आहे. जुन्या हाडातून जनावराचे कूळ वाचण्याची विद्या आता बरीच पुढे गेली आहे. तिची माहिती सभासदांना द्यावी म्हणून हा लेख.

हाड कसे वाचतात?

प्रत्येक जिवाच्या पेशीत डी.एन.ए. नावाचा धागा असतो. वशिंड असावे की नसावे, ऊन किती सोसावे, हे सारे त्यावर लिहिलेले असते. जनावर मेले की धागा तुटू लागतो, पण दाट हाडात त्याचे तुकडे हजारो वर्षे टिकतात. कानाच्या आतल्या बाजूचे कठीण हाड यासाठी सर्वांत उपयोगी. चिमूटभर भुकटी काढतात, त्यातले तुकडे वेगळे करून जुळवतात आणि आजच्या जनावरांशी ताडून पाहतात. हाताळणाऱ्या माणसाचाच डी.एन.ए. त्यात मिसळू नये म्हणून काम बंदिस्त खोलीत, तोंड झाकून, हातमोजे घालून चालते. जुन्या तुकड्यांची टोके एका ठरावीक तऱ्हेने झिजलेली असतात. त्यावरून धागा खरोखर जुना की कालचा, हे ओळखता येते.

या विद्येची सुरुवात १९८४ साली झाली. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठात क्वागा नावाच्या, १८८३ मध्ये नामशेष झालेल्या झेब्र्यासारख्या जनावराच्या वाळल्या कातड्यातून असा धागा मिळाला. २०२२ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक स्वांते पाबो यांना याच मार्गाने केलेल्या मानवाच्या संशोधनाबद्दल मिळाले.

यातली एक गोष्ट शेतकऱ्याला चटकन पटेल. धाग्याचा एक भाग वासराला फक्त आईकडून मिळतो, आणि दुसरा एक भाग फक्त बापाकडून गोऱ्ह्याला मिळतो. म्हणजे गाय कुठली आणि वळू कुठला, हे वेगवेगळे विचारता येते.

वशिंडवाल्यांचे घराणे वेगळे

पूर्वी समजूत अशी होती की गुरे एकदाच एका ठिकाणी माणसाळली आणि तिथून जगभर गेली. ती खोटी ठरली. युरोपची बिनवशिंडाची गाय आणि आपली वशिंडवाली गाय यांचे रानटी पूर्वज माणसाळण्याच्या लाखो वर्षे आधीच वेगळे झाले होते. बिनवशिंडाची गाय सुमारे साडेदहा हजार वर्षांपूर्वी युफ्रेटिस-तैग्रिसच्या वरच्या खोऱ्यात दावणीला आली. आपली गाय सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी सिंधूच्या बाजूला माणसाळली. बलुचिस्तानातल्या मेहेरगढ येथे त्या काळची हाडे मिळाली आहेत. जर्सी आणि खिलार हे चुलत भाऊ म्हणावेत, पण त्यांची वाटणी फार जुनी.

दुष्काळ पडला आणि वळू निघाले

२०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात पश्चिम आशियातल्या ६७ प्राचीन गुरांच्या हाडांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसले ते असे. सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी त्या भागात पिढ्यान्‌पिढ्या टिकणारा मोठा दुष्काळ पडला. त्यानंतर थोड्याच काळात मध्य आशिया आणि इराणपासून भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यापर्यंतच्या गुरांत सिंधूकडच्या वशिंडवाल्या जनावराचे रक्त मिसळलेले दिसते. आईकडची खूण मात्र जुन्या स्थानिक गाईंचीच राहिली. याचा अर्थ, गाईंचे कळप फारसे हलले नाहीत, आणले गेले ते वळू. ऊन सोसणारा, कमी पाण्यावर तगणारा वळू लावला तर वासरे जगतील, एवढा हिशेब त्या गोपालकांना कळला होता. कृत्रिम रेतन नव्हते, पशुवैद्यक नव्हता, पण वळू निवडायचे शहाणपण होते.

आजही आपल्या गोठ्यात बदल होतो तो बापाच्याच बाजूने. गाय घरची, कांडी बाहेरची. फरक इतकाच की तेव्हा वारे सिंधूकडून पश्चिमेला वाहत होते, आता उलटे वाहतात. परदेशी रेतनाने दूध वाढले, संसार उभे राहिले, हे कुणी नाकारू नये. पण दुष्काळात कुणाचे रक्त कामी आले, हेही हाडांनी सांगून ठेवले आहे.

आपल्या जिल्ह्यातला पुरावा

हे सारे लांबचे वाटेल, तर शिरूर तालुक्यात घोडनदीच्या काठी इनामगावला चला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर, डॉ. झैनुद्दीन अन्सारी ही त्यातली मोठी नावे. इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळात तिथे शेतकरी राहत होते. ते सातू पिकवीत, नदीचे पाणी पाटाने आणीत, गाईगुरे आणि शेळ्यामेंढ्या पाळीत. एका घराच्या जमिनीखाली मातीचा बैल आणि त्याच्यासोबत बिनडोक्याची देवीची मूर्ती निघाली. शेवटच्या काळात पाऊसपाणी कमी झाले तेव्हा शेती आखडली आणि शेळ्यामेंढ्यांवर भर आला. दुष्काळात गोठा बदलतो, हे तिथल्या हाडांतही दिसते.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादला १९७४ साली एका शेतकऱ्याला खोदताना ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या. त्यांत दोन बैल जुंपलेला रथ आहे, तो हाकणारा माणूसही उभा आहे.

मग इथल्या हाडांवरून खिलाराचा वाद मिटवावा, असे कुणालाही वाटेल. अडचण आपल्या हवेची. थंडीत धागा टिकतो. सैबेरियाच्या गोठलेल्या जमिनीत दहा लाख वर्षांहून जुन्या हत्तींचा धागा मिळाला. उन्हात तो लवकर विरतो. हरयाणातल्या राखीगढीचा अनुभव घ्या. तिथे डेक्कन कॉलेजच्या डॉ. वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली निघालेल्या मानवी सांगाड्यांचे ६१ नमुने तपासले, त्यांतल्या एकाच स्त्रीचा धागा वाचता आला. तो निकाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. म्हणून आपल्याकडचे एकेक चांगले हाड मोलाचे.

आणखी एक ध्यानात ठेवावे. हाड ‘मी खिलार’ असे बोलणार नाही. त्यात कुठले रक्त किती, एवढेच कळते. जातीचे नाव आणि रूप घडवले ते शेतकऱ्याने. माणदेशच्या कोरड्या रानात चालणारा, काटक बैल हवा होता, तो खिलार झाला. अकोले-इगतपुरीच्या पावसात टिकणारा, तेलकट कातडीचा, कठीण काळ्या खुरांचा डांगी झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिण महाराष्ट्रातल्या संस्थानिकांनी चिकट काळ्या रानासाठी गीर, ओंगोल, कांकरेज आणि स्थानिक गुरांच्या संकरातून कृष्णाकाठची जात बनवली. ट्रॅक्टर आला, तिची गरज सरली, आणि आज ती मोजकीच उरली आहे.

सभासदांनी काय करावे?

पहिले काम पांढरीचे. जुन्या वस्तीच्या टेकाडाची पांढरी माती खत म्हणून रानात टाकण्याची रीत जुनी आहे. त्या मातीबरोबर किती हाडे आणि खापरे गेली, त्याला गणती नाही. विहीर किंवा पाया खणताना मातीची भांडी, राख, हाडे एकत्र दिसली तर काम थांबवावे. हाडे धुऊ नयेत, फार हाताळू नयेत. तहसील कचेरीला किंवा डेक्कन कॉलेजला कळवावे.

दुसरे काम वहीचे. कानात बारा आकडी बिल्ला मारला म्हणजे झाले, असे नाही. वासराची आई कोणती, वळू कोणता किंवा कांडी कोणत्या वळूची, तारीख कोणती, एवढे लिहायला एक ओळ पुरते. चांगला देशी खोंड दिसला तर घाईने बडवू नये, आधी गावात विचारावे. मावळच्या बैलगाडा घाटात ज्याच्या पळण्याचे कौतुक होते, त्याची आई कोण हेही मालकाने सांगता आले पाहिजे.

हजारो वर्षांपूर्वीच्या गोपालकाला लिहिता येत नव्हते, म्हणून त्याची हाडे तपासावी लागतात. आपल्याला लिहिता येते. नातवंडांवर तरी आपल्या गोठ्याचे कूळ मातीतून उकरण्याची पाळी येऊ नये.