हुकूम आला, बिऱ्हाड हललं!

आयडाहो राज्यातलं गोऱ्यांचं पहिलं कायमचं गाव म्हणजे फ्रँकलिन. १८६० साली मॉर्मन पंथाच्या मंडळींनी ते वसवलं आणि आपण युटातच राहतो अशा समजुतीत सुखाने नांदली. १८७२ मध्ये मोजणीवाले आले, हद्द आखली, तेव्हा कळलं की गाव रेषेच्या पलीकडे पडतंय. बारा वर्षं कुणाचं काही अडलं नव्हतं! अडणार कसं? ओढ्याला पाणी किती आणि पंथाचा पुढारी ब्रिगहॅम यंगचा हुकूम काय, एवढंच बघून ही माणसं घरं बांधत होती. आजही अमेरिकेत मॉर्मन कुठे आणि का, याचं उत्तर बरंचसं या दोन गोष्टींतच आहे.

खरं तर युटा हे यांचं मूळ गाव नाहीच. जोसेफ स्मिथने १८३० साली हा पंथ स्थापन केला तो न्यूयॉर्क राज्यात. तिथून ओहायोतलं कर्टलंड, मग मिसुरी. हे लोक एकगठ्ठा येणार, जमिनी घेणार, एकगठ्ठा मतं देणार, या धास्तीने मिसुरीतले शेजारी बिथरले. १८३८ मध्ये गव्हर्नर लिलबर्न बॉग्जने तर यांना संपवा किंवा राज्याबाहेर घालवा असा लेखी आदेशच काढला. तो अधिकृतपणे मागे घ्यायला १९७६ उजाडलं. पुढचा मुक्काम इलिनॉयमधलं नॉवू. मिसिसिपीकाठचं हे शहर बघता बघता तेव्हाच्या शिकागोच्या तोडीचं झालं. पण १८४४ मध्ये कार्थेजच्या तुरुंगात जमावाने स्मिथला गोळ्या घातल्या आणि पुन्हा गाशा गुंडाळायची पाळी आली.

आता स्मिथनंतर पुढारी झालेल्या ब्रिगहॅम यंगने जागा हेरली ती कुणालाच नको असलेली. मोठ्या खाऱ्या सरोवराकाठचं रुक्ष खोरं, तेही अमेरिकेबाहेर, मेक्सिकोच्या मुलखात. (फार काळ नाही. १८४८च्या तहाने अमेरिकाच मागोमाग तिथे पोचली!) आघाडीची तुकडी २३ जुलै १८४७ ला कामाला लागली. जमीन अशी टणक की नांगर मोडले. मग त्यांनी ओढ्याला बांध घातला, पाणी वावरात फिरवलं, माती भिजवली आणि बटाटे लावायला घेतले. दुसऱ्या दिवशी खुद्द यंग आजारी अवस्थेत गाडीतून आला. तो २४ जुलै आज युटात सरकारी सुट्टीचा दिवस आहे.

इथे पाऊस तुटपुंजा, पण वासाच डोंगरावरचं बर्फ वितळलं की ओढे वाहतात. जिथे ओढा डोंगरातून बाहेर पडतो तिथे पाट काढायचा आणि पाटावर गाव वसवायचं, हा यांचा खाक्या. म्हणून तर ऑग्डेन, सॉल्ट लेक सिटी, प्रोव्हो ही शहरं डोंगराच्या पायथ्याशी एका ओळीत उभी आहेत आणि युटातली बहुतेक वस्ती अजून त्याच पट्ट्यात दाटलेली आहे. ॲरिझोनातल्या मेसा गावी तर पूर्वीच्या होहोकाम लोकांचे बुजलेले कालवे यांनी उकरून पुन्हा वाहते केले.

बाकीची गावं वसली ती हुकमावर. चर्चच्या अधिवेशनात व्यासपीठावरून नावं वाचली जायची. आपलं नाव आलं की बिऱ्हाड हलवायचं. ऑक्टोबर १८६१ मध्ये अशी ३०९ कुटुंबं दक्षिण युटात धाडली गेली, कापूस पिकवायला! कापसाचं फारसं जमलं नाही, सेंट जॉर्ज शहर मात्र राहिलं. त्याहून अचाट प्रकार १८७९चा. अडीचशे माणसं आणि ऐंशीच्या वर गाड्या आग्नेय युटाकडे निघाल्या. सहा आठवड्यांचा प्रवास होईल अशी अटकळ होती, लागले सहा महिने. वाटेत खडक फोडून कड्यातली अरुंद खिंड रुंद करावी लागली आणि त्या कड्यावरून एकेक गाडी दोरांनी धरून कोलोरॅडो नदीपर्यंत उतरवली. ठरलेल्या ठिकाणाच्या अलीकडेच मंडळी इतकी थकली की म्हणाली, बस्स, इथेच राहायचं. तेच आजचं ब्लफ गाव. मला विचाराल तर अख्ख्या इतिहासातला हा सगळ्यात प्रामाणिक निर्णय.

काही ठिकाणी मुक्काम टिकला नाही. लास वेगासचा पहिला किल्ला १८५५ मध्ये बांधला तो जुगाराला पाप मानणाऱ्या मॉर्मनांनी, आणि दोन वर्षांत सोडलाही. ॲरिझोनातलं स्नोफ्लेक मात्र टिकलं, आणि त्या नावाचा हिमकणांशी काही संबंध नाही. इरॅस्टस स्नो आणि विल्यम फ्लेक या संस्थापकांची आडनावं जोडली, झालं गाव! पार हवाईत लाइए गावी चर्चने १८६५ मध्येच जमीन घेतली. आज तिथे चर्चचं विद्यापीठ आहे.

या नकाशात एक धागा मुंबईचाही आहे. १८५२ मध्ये ह्यू फिंडले हा मॉर्मन प्रचारक मुंबईत उतरला, पुण्यातही प्रचार करून गेला. मुंबईची एलिझाबेथ झेवियर टेट ही बाई पुढे थेट अमेरिकेला गेली आणि १८५६ मध्ये सामानाच्या हातगाड्या ओढत जाणाऱ्या विली तुकडीबरोबर युटात पोचली. त्या वर्षी वाटेत बर्फाने गाठलेल्या दोन तुकड्यांतली दोनशेच्या वर माणसं दगावली. एलिझाबेथ वाचली आणि सीडर सिटीत स्थायिक झाली.

आताचा हिशेब सांगायचा तर अमेरिकेत चर्चच्या नोंदीत ६५ लाखांहून जास्त सभासद आहेत, त्यांतले २० लाखांवर एकट्या युटात. खालोखाल कॅलिफोर्निया, पण तिथली घरं परवडेनाशी झाल्याने बरेच जण आयडाहो, ॲरिझोना, टेक्सासकडे सरकताहेत. आयडाहोतल्या रेक्सबर्गमध्ये चर्चचंच विद्यापीठ, म्हणून जवळपास सगळं गाव मॉर्मन. उलट चर्चचं मुख्यालय असलेल्या सॉल्ट लेक काउंटीत ते आता निम्म्याहून कमी. राजधानी वॉशिंग्टनच्या परिसरातही त्यांची जुनी वस्ती आहे. मॅरियट हॉटेलवाले जे. विलर्ड मॅरियट हे युटाचेच. १९२७ मध्ये राजधानीत रूट बिअरच्या छोट्या दुकानापासून त्यांनी सुरुवात केली. बिअर नावापुरतीच, दारूचा थेंब नाही!

कुठेही राहायला गेलं तरी चर्च आवडीनुसार निवडता येत नाही. रेशनचं दुकान जसं पत्त्यावरून ठरतं, तसा यांचा ‘वॉर्ड’ घराच्या पत्त्यावरून ठरतो.

तेव्हा युटात कुणाकडे जेवायचं आमंत्रण आलं तर चहा-कॉफीची अपेक्षा ठेवू नका, धर्मात ती वर्ज्य आहे. जेलीची वाटी मात्र नाकारू नका. २००१ पासून जेल-ओ हा त्या राज्याचा अधिकृत खाऊ आहे.