बासरीची 'आंतरराष्ट्रीय स्पर्धा': पहिला नंबर ठरतो तरी कसा?

इन्स्टाग्राम उघडलं की अधूनमधून असा एक फोटो दिसतोच. झब्बा घातलेला दहा-बारा वर्षांचा मुलगा, एका हातात बासरी, दुसऱ्यात ट्रॉफी आणि खाली ओळ : 'आंतरराष्ट्रीय बासरी स्पर्धेत प्रथम क्रमांक'. आपण कौतुकाने लाइक ठोकतो. पण कधी प्रश्न पडलाय का, की एकाने यमन वाजवला, दुसऱ्याने दरबारी, तिसऱ्याने भूप, तर त्यात पहिला कोण हे परीक्षक ठरवतात कशावरून?

आधी जगात काय चालतं ते बघू. पाश्चात्त्य बासरीच्या, म्हणजे धातूच्या आणि चाव्या असलेल्या फ्लूटच्या मोठ्या स्पर्धा आहेत. जपानमधल्या कोबे शहरात १९८५ पासून साधारण दर चार वर्षांनी फक्त फ्लूटवादकांसाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरते. १९८९ मध्ये ती एमॅन्युएल पाहूद या तरुणाने जिंकली. १९९२ मध्ये त्याने जिनिव्हाचीही स्पर्धा मारली आणि वयाच्या बाविसाव्या वर्षी तो बर्लिन फिलहार्मोनिक या नामांकित वाद्यवृंदाचा प्रमुख फ्लूटवादक झाला. तिकडे स्पर्धा म्हणजे करिअरचं दार असतं, ते असं.

तिथे तुलना करणंही त्यामानाने सोपं. रचना ठरवून दिलेल्या असतात आणि स्वरलिपी छापील असते. समजा मोझार्टचा कॉन्चेर्टो आहे, तर सगळे तोच वाजवणार. एखादा स्वर चुकला तर तो कागदावर बोट ठेवून दाखवता येतो.

आपल्याकडे कागदच नाही. राग ठरलेला, ताल ठरलेला, बंदिश किंवा गत पाठ. पण पुढची दहा मिनिटं वादक जागेवरच घडवतो. म्हणजे परीक्षकाला एकाच वेळी रचनाकारालाही गुण द्यायचे असतात आणि वादकालाही.

त्यात बासरी हे वाद्य वरून भोळं दिसतं. बांबूची एक नळी, फुंकायचं एक छिद्र आणि बोटांची सहा. चावी नाही, पडदा नाही, तारही नाही. वरची तीन छिद्रं बंद केली की सा, दोन बंद केली की रे, एकच बंद ठेवलं की ग. मग कोमल ग कुठून आणायचा? दुसरं छिद्र अर्धं झाकून. शुद्ध म सुद्धा पहिलं छिद्र अर्धं झाकूनच निघतो. आता 'अर्धं' म्हणजे किती, हे कुठे लिहिलेलं नाही. ते बोटाला कळावं लागतं आणि त्याआधी कानाला. शिवाय फुंक जरा जोरात गेली की तोच स्वर चढतो, सैल पडली की उतरतो. हार्मोनियमवर पट्टी दाबली की स्वर तयार मिळतो. बासरीवर तो प्रत्येक वेळी नव्याने शोधायचा.

म्हणून जाणकार परीक्षक वेगवान तानेपेक्षा सुरुवातीच्या लांब सा कडे जास्त लक्ष देतात. तानपुऱ्यात तो विरघळला का? स्वराबरोबर नुसती हवा येतेय का? दुसरी कसोटी म्हणजे म वरून प कडे जाणं. तीव्र म ला सगळी छिद्रं मोकळी असतात आणि प ला सहाही बंद. सहा बोटं एकदम पडायची, फुंकही त्याच क्षणी बदलायची आणि ऐकणाऱ्याला सांधा कळता कामा नये. रीलमध्ये हे कुणी बघत नाही. स्पर्धेत अनेकांचे गुण नेमके इथेच जातात.

पुढचा भाग रागाचा. भूप आणि देशकार या दोन्ही रागांत स्वर तेच पाच : सा रे ग प ध. पण भूपात वजन गंधारावर, देशकारात धैवतावर. स्पर्धकाने भूप सांगितला आणि धैवतावरच मुक्काम ठोकला, तर एकही स्वर 'चुकीचा' न वाजवता तो राग चुकला! हे ओळखायला परीक्षक रागसंगीतातलाच हवा, नुसता 'संगीतप्रेमी' चालत नाही.

आणि बासरीवादनाची शैलीही एक नाही. पन्नालाल घोष (१९११-१९६०) यांनी लोकसंगीतातली छोटी बासरी रागदारीसाठी लांब, खर्जाची केली. सातवं छिद्रही त्यांनीच आणलं असं मानतात. त्यांच्या परंपरेत गायकी अंगावर, मींडेवर भर. पंडित हरिप्रसाद चौरसियांच्या वादनात आलाप-जोड-झाला, जिभेच्या आघाताने केलेलं तंतकारीसारखं काम ठळक. एक परीक्षक पहिल्या शैलीत वाढलेला, दुसरा दुसऱ्या. दोघांचे गुण जुळतीलच असं नाही. हा दोष कुणाचाच नाही, पण स्पर्धेचा निकाल वाचताना हे लक्षात ठेवलेलं बरं.

मग आपल्याकडे योग्यता ठरवायची दुसरी वाट कोणती? नवी मुंबईकरांना ती घराजवळच सापडेल. वाशीत अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची वास्तू आहे. विष्णु दिगंबर पलुसकरांच्या शिष्यांनी १९३१ मध्ये उभी केलेली ही संस्था. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही तिच्या परीक्षांची चढण हजारो मराठी घरांना ओळखीची आहे, आणि बासरीवादकही त्या देतात. परीक्षा आणि स्पर्धा यांतला फरक साधा आहे. परीक्षेत तुमची तुलना अभ्यासक्रमाशी होते, शेजारच्या मुलाशी नाही. दहाच्या दहा पास होऊ शकतात आणि दहाच्या दहा नापासही!

दुसरी वाट आकाशवाणीची. ऑडिशन देऊन कलाकाराला बी, बी-हाय, ए, टॉप अशी श्रेणी मिळते. आकाशवाणी तरुणांसाठी संगीत स्पर्धाही घेते. खुद्द हरिप्रसादजी १९५७ मध्ये कटकच्या आकाशवाणी केंद्रात नोकरीला लागले, तिथून मुंबईला आले. नाव झालं होतं, सिनेसंगीतात काम मिळत होतं, तरी ते अन्नपूर्णादेवींकडे शिकायला गेले. आधीचं विसरून नव्याने सुरुवात करायची तयारी दाखवायला त्यांनी बासरी धरायची बाजूच बदलली, उजवीची डावी केली. ही गोष्ट त्यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे.

म्हणजे ऑनलाइन 'आंतरराष्ट्रीय' स्पर्धा बोगसच असतात का? तसं मुळीच नाही. परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलाला आपलं वादन भारतातल्या जाणकाराच्या कानावर घालायची ती चांगली संधी असते. फक्त दोन देशांतून प्रवेशिका आल्या तरी 'आंतरराष्ट्रीय' शब्द लावता येतो. त्यामुळे फी भरण्याआधी परीक्षकांची नावं विचारा आणि त्यांत बासरी वाजवणारं कुणी आहे का ते बघा. वेळ किती देतात तेही विचारा. तीन मिनिटांत आलाप उलगडत नाही, तिथे तयारीच दिसणार. गुणांचं वर्गीकरण आणि लेखी अभिप्राय मिळत असेल तर हरलेली स्पर्धाही वसूल होते. भाग घेणाऱ्या प्रत्येकाला 'विशेष पुरस्कार' असेल, तर ती फी नेमकी कशाची हे तुमचं तुम्हीच ठरवा.

व्हिडिओ पाठवायचा असेल तर एका दमात, न कापता केलेलं चित्रीकरण करा. बोटं दिसू द्या. व्हिडिओ कॉलवर थेट वाजवायचं असेल तर ॲपमधली आवाज स्वच्छ करणारी सोय आधी बंद करा. तिला तानपुरा म्हणजे पंख्याची घरघर वाटते आणि ती तो पुसून टाकते.

आणि स्पर्धा सभागृहात असेल तर एसीचा विचार करा. बाहेर दमट उकाडा, आत गारठा. गार पडलेली बासरी उतरलेली बोलते आणि वाजवता वाजवता तापली की चढते. घरी पांढरी तीनला चोख लागलेली बासरी तिथे पहिल्याच सा ला दगा देऊ शकते. म्हणून मुरलेले वादक नाव पुकारलं जाईपर्यंत विंगेत उभे राहून बासरीत हलकेच फुंकत असतात. ती सवय आहे, घबराट नव्हे.